उष्णतेची वाट शोधणारी माणसे



मागच्या दोन भागांत आपण गटाचे दफ्तर कसे लिहायचे आणि बँकेचे व्याज कसे मोजायचे ते पाहिले. आज हिशेब आहे तो उष्णतेचा. ती कशातून झरझर जाते, कशात अडून बसते, आणि हे माणसाला कसे कळत गेले, याचा.

खरे तर आपल्या हातांना हे सगळे ठाऊक आहे. उलथन्याला लाकडी मूठ का, माठाभोवती ओले फडके का, गोधडीत जुन्या साड्यांचे थर का, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवले नाही. पण त्यामागचे कारण कुणीतरी शोधत बसले होते. त्या शोधाचा बराचसा भाग स्वयंपाकघरात घडला, आणि त्यात एक बाई अशी आहे की तिची गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

विषय घेण्याचे दुसरेही कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटांकडे सर्वात जास्त कर्जअर्ज आले ते घरावर पत्रे टाकायला. माळवद गळते, दर पावसाळ्याआधी त्यावर माती चढवावी लागते, चढवायला माणूस मिळत नाही. पत्रा टाकला की सुटलो. कर्जे दिली, पत्रे पडले, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच सख्या बैठकीत सांगू लागल्या की दुपारी घरात बसवत नाही. एकीची सून बाळंतीण होती. तान्हे लेकरू घेऊन ती दुपारभर लिंबाखाली बाजेवर काढायची. घर असून माणूस झाडाखाली बसतो, म्हणजे काहीतरी समजून घ्यायला हवे ना?

तर सुरुवात तारांपासून करू. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात यान इंगनहाउस नावाचा डच डॉक्टर होता. ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया तेरेसाच्या घरातल्या मुलांना त्याने १७६८ साली देवी टोचल्या, तेव्हापासून त्याचे नाव झाले. त्याचा मित्र बेंजामिन फ्रँकलिन याने त्याला एक कल्पना सुचवली आणि इंगनहाउसने ती करून पाहिली. चांदी, तांबे, लोखंड, शिसे अशा वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या जाडीच्या तारा घेतल्या, सगळ्यांना मेण लावले आणि एकेक टोक गरम तेलात बुडवले. ज्या तारेवरचे मेण लांबपर्यंत वितळले, तिच्यातून उष्णता जास्त पळाली. चांदी पुढे, तांबे तिच्याजवळ, लोखंड आणि शिसे बरेच मागे. किती साधी युक्ती! आपणही बैठकीत करू शकतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात एक पितळी, एक स्टीलचा आणि एक लाकडी असे तीन चमचे उभे ठेवायचे, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला थिजलेल्या तुपाने एकेक फुटाणा चिकटवायचा, आणि कोणता आधी पडतो ते बघायचे. लेकरांना बोलवा, त्यांना फार आवडते.

आज ही मोजणी नेमकी झाली आहे. तांब्यातून ४०० भाग उष्णता जाते त्या वेळात तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियममधून साधारण २३० भाग जाते, लोखंडातून ८० आणि स्टीलमधून जेमतेम १५. स्टीलच्या पातेल्यात जाळावरच्या तेवढ्याच जागी भात करपतो आणि कडेला कच्चा राहतो, तो म्हणूनच. जिथे जाळ लागतो तिथली उष्णता बाजूला पसरतच नाही. पातेल्याच्या बुडाला तांब्याचा पत्रा लावायची पद्धत त्यातून आली. आता मातीच्या भिंतीचे पहा. तिच्यातून त्याच वेळात एका भागाच्या आसपास उष्णता जाते. कोरड्या लाकडातून त्याहून बरीच कमी. आणि कोंडून ठेवलेल्या, हलत नसलेल्या हवेतून एका भागाचा चाळिसावा हिस्सा. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता ती बाई. मारी-ॲन पोल्झ. फ्रान्समध्ये १७५८ साली जन्मली. वडील सरकारचा कर गोळा करणाऱ्या कंपनीत मोठे अधिकारी. तेरा वर्षांची असताना पन्नाशीच्या घरातल्या एका उमरावाने तिला मागणी घातली. वडील कात्रीत सापडले, नाही म्हणावे तर नोकरी जायची. त्यांनी घाईघाईने आपल्याच कंपनीतल्या अठ्ठावीस वर्षांच्या आंत्वान लाव्हाझिएशी तिचे लग्न लावून दिले. साल १७७१. बालविवाह टाळायला केलेला तोही बालविवाहच. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींपेक्षा फार वेगळे नाही.

पण नवरा विज्ञानवेडा निघाला आणि ही त्याच्याहून हुशार विद्यार्थिनी. ती रसायनशास्त्र शिकली, इंग्रजी शिकली, कारण नवऱ्याला इंग्रजी येत नव्हते आणि इंग्लंडात काय चालले आहे ते त्याला कळायला हवे होते. तिने इंग्रजी ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले, त्यात स्वतःच्या टिपा घातल्या. चित्रकला शिकली आणि नवऱ्याच्या १७८९ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातली उपकरणांची चित्रे तिनेच काढली. प्रयोगशाळेचे एक चित्र तिने काढले आहे, त्यात एका कडेला टेबलाशी बसून नोंदी लिहिणारी बाई आहे. ती स्वतःच. गटाचे दफ्तर लिहिणारी सचिव जशी फोटोत कडेला असते, तशी.

लाव्हाझिएचे म्हणणे होते की उष्णता हा एक पदार्थ आहे. दिसत नाही, वजन नाही, पण पाण्यासारखा वाहतो, गरम वस्तूतून थंड वस्तूत जातो. त्याला नाव मिळाले ‘कॅलोरिक’. अंगणवाडीच्या पोषणाच्या तक्त्यावर आपण ‘कॅलरी’ वाचतो ना, तो शब्द त्याच घराण्यातला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने लाप्लास या गणितज्ञासोबत बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजले. त्यातून कळले की श्वास म्हणजे सुद्धा एक संथ जळणेच आहे. आपल्या अंगातली ऊब चुलीतल्या आगीची धाकटी बहीण म्हणा.

पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली. कर गोळा करणाऱ्यांवर लोकांचा राग होताच. ८ मे १७९४ या एकाच दिवशी मारी-ॲनचा नवरा आणि वडील दोघांचेही शिर उडवले गेले. घरदार जप्त झाले, तिला स्वतःला काही आठवडे कैदेत काढावे लागले. बाहेर आल्यावर तिने जप्त झालेली वह्या-पुस्तके, उपकरणे परत मिळवली आणि नवऱ्याचे अपुरे राहिलेले लेखन छापून काढले. पदर खोचून उभी राहिली म्हणतात ते हेच.

याच सुमारास जर्मनीतल्या म्युनिक शहरात एक दुसरा माणूस उष्णतेच्या मागे लागला होता. बेंजामिन थॉम्पसन, पुढे काउंट रमफर्ड. माणूस मोठा विचित्र. जन्म अमेरिकेतला. एकोणीस वर्षांचा असताना एका श्रीमंत विधवेशी लग्न केले, मुलगी झाली, आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा सुरू झाल्यावर इंग्रजांच्या बाजूला जाऊन बायको-लेकीला टाकून निघून गेला. बायकोला तो पुन्हा कधी भेटला नाही. अशा माणसाची थोरवी सांगताना जीभ जरा अडखळते. पण त्याचे काम असे आहे की आपल्याला टाळता येत नाही.

म्युनिकमध्ये तो तिथल्या राजाच्या चाकरीत होता. शहरात भिकारी फार. १७९० च्या नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याने सैनिक लावून भिकारी गोळा करवले आणि त्यांना एका मोठ्या कामघरात नेले. तिथे लोकर कातायची, सैन्याचे कपडे शिवायचे आणि जेवायचे. त्यांना कुणी विचारले नव्हते, हे आम्हाला खटकते. गरिबाचे भले त्याला न विचारता करणारे तेव्हाही होते. मात्र इतक्या माणसांना रोज जेवू घालायचे तर धान्याएवढाच सरपणाचा खर्च येतो, आणि तिथे रमफर्डचे डोके चालू लागले.

जव, वाटाणे, बटाटे, शिळी भाकर आणि शिर्का असे सूप त्याने ठरवले. बटाटा तेव्हा तिथल्या लोकांना चालत नसे, जनावरांचे खाणे म्हणत. म्हणून सुरुवातीला बटाटे आडबाजूच्या खोलीत शिजवून पार गाळ करून सूपात घालायचे. लोकांनी मिटक्या मारत खाल्ले, मग सांगितले! आपल्या अंगणवाडीतायांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

मग चूल. तेव्हाच्या युरोपात उघड्या जाळावर मोठमोठी भांडी टांगत. रमफर्डने पाहिले की जाळ भांड्याला लागतो थोडा आणि बाकीचा धुराड्यातून निघून जातो. त्याने विटांच्या बांधकामात खोल भोके ठेवली, भांडे त्यात गळ्यापर्यंत बसेल अशी, आणि प्रत्येक भांड्याखाली वेगळा बंदिस्त जाळ. वारा आत किती घ्यायचा ते छोट्या झडपेने ठरवायचे. सरपण खूप वाचले. आपल्या चुलीला वैल असतो, म्हणजे निघून जाणाऱ्या जाळावर कालवण उकळून घ्यायचे, हा विचार त्याच जातीचा आहे आणि आपल्या बायकांनी तो कुणा काउंटला विचारून केला नव्हता. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची ‘मगन चूल’ तयार झाली, तिच्यातही जाळ बंद करायचा, एका भांड्याखालून दुसऱ्याखाली न्यायचा आणि धूर नळीने बाहेर काढायचा, हेच सूत्र आहे.

सैनिकांच्या कपड्यांसाठी रमफर्डने आणखी एक प्रयोग केला. काचेच्या गोळ्याच्या मधोमध तापमापी बसवायची, भोवती कधी लोकर, कधी कापूस, कधी रेशीम, कधी सशाची लव भरायची, वजन प्रत्येकाचे सारखे. गोळा गरम करून थंड पाण्यात बुडवायचा आणि निवायला किती वेळ लागतो ते मोजायचे. नुसती हवा असताना लागला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ सशाच्या लवेने आणि पक्ष्याच्या मऊ पिसांनी घेतला. मग त्याने तीच वस्तू गच्च आवळून, कधी सैल ठेवून पाहिली. त्याच्या ध्यानात आले की ऊब लोकरीत नसते. लोकर, पिसे, कापूस फक्त हवेला जागेवर धरून ठेवतात. अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, ते अशाच कामासाठी. आपली वाकळ चार थरांची असली की पातळ वाटूनही ऊब धरते, आणि घट्ट धुतलेली, दाबून बसलेली जुनी रजई ऊब देत नाही, त्याचे उत्तर इथे आहे.

मग मोकळी हवा का धरत नाही? तेही त्याला अचानक दिसले. एक मोठी तापमापी गरम करून त्याने खिडकीत निवायला ठेवली होती. तिच्यातल्या मद्यार्कात धुळीचे कण होते. ऊन पडले आणि त्याला दिसले की कण मधल्या भागातून वर चढत आहेत आणि कडेने खाली उतरत आहेत. म्हणजे पातळ पदार्थ आणि हवा स्वतः हलतात आणि उष्णता पाठीवर वाहून नेतात. गरम झालेले वर, थंड झालेले खाली. याच्याच जोडीला त्याने दाखवले की भांड्याच्या तळाशी बर्फ असला आणि वरचे पाणी उकळत असले तरी तळाचा बर्फ बराच वेळ टिकतो, कारण गरम पाणी खाली यायला तयार नसते. आपण चूल भांड्याच्या खाली पेटवतो, वर नाही, ती उगीच नाही.

या सगळ्यात त्याची मोठी भानगड झाली ती तोफांच्या कारखान्यात. पितळी तोफेला भोक पाडताना ती इतकी तापायची की हात लावता येत नसे. लाव्हाझिएच्या मते उष्णता पदार्थ असेल, तर तोफेतला साठा कधीतरी संपायला हवा. रमफर्डने मुद्दाम बोथट पाते लावले, तोफेचा तुकडा पाण्याच्या पेटीत बसवला आणि घोडे जुंपून फिरवायला लावले. अडीच तासांत पाणी उकळले. खाली आग नाही, काही नाही! बघणारे तोंडात बोट घालून उभे राहिले. घोडे फिरत राहिले तोवर उष्णता निघत राहिली, संपली नाही. मग ती पदार्थ कशी? ती हालचालच असली पाहिजे, असे त्याने १७९८ साली लिहिले. जात्यावर दळणाऱ्या आपल्या आज्यांना आणि गिरणीतून दळण आणणाऱ्या आपल्याला गरम पीठ हाताला लागतेच. लोकांनी मात्र त्याचे लगेच ऐकले नाही. उष्णता हे काम करण्याचेच रूप आहे, हे जेम्स जूल या इंग्रज माणसाने अठराशे चाळीसच्या दशकात नीट मोजून दाखवले तेव्हा कॅलोरिकचे दिवस खरे भरले.

आणि नशीब बघा. १८०५ साली याच रमफर्डने लग्न केले ते लाव्हाझिएच्या विधवेशी, मारी-ॲनशी. एका नवऱ्याने उष्णतेला पदार्थ म्हटले, दुसऱ्याने त्याला खोटे पाडले. लग्नाच्या करारातच तिने लिहून घेतले की ती लाव्हाझिए हे नाव सोडणार नाही. संसार काही जमला नाही. तिला घरी माणसे लागायची, चर्चा लागायची, त्याला शांतता. एकदा त्याने तिच्या पाहुण्यांना आत येऊ नये म्हणून फाटकाला कुलूप लावले, तर तिने त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्याने आपल्या लेकीला पत्रात कळवले आहे. म्हणजे ही त्याची बाजू झाली. १८०९ मध्ये दोघे वेगळे झाले. तो १८१४ मध्ये वारला, ती १८३६ पर्यंत जगली, शेवटपर्यंत घरी विद्वानांची बैठक भरवत.

यानंतर फ्रान्सच्याच जोसेफ फूरिए याने भिंतीतून, सळईतून उष्णता किती वेगाने सरकते याचे गणित बसवले, ते १८२२ सालच्या त्याच्या ग्रंथात आहे. ते गणित आपल्याला नको, पण त्याचा अर्थ सोपा आहे. वस्तू जितकी जाड तितकी उष्णता कमी जाते, दोन बाजूंच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकी जास्त जाते. त्याआधी १८०४ साली स्कॉटलंडच्या जॉन लेस्ली याने एका चौकोनी भांड्यात गरम पाणी भरून दाखवले होते की भांड्याची काळी बाजू लांबूनही भाजते आणि चकचकीत बाजू फारशी भाजत नाही. उष्णतेला न शिवता उडी मारता येते, हे त्यातून नीट कळले. शेकोटीचा धग तोंडाला लागतो आणि पाठ गार राहते, ती हीच उडी.

आता आपला पत्रा. वळ्या पाडलेल्या लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर या इंग्रज इंजिनियरने १८२९ साली घेतले. तो लंडनच्या गोदीत कामाला होता आणि त्याला मालाच्या शेडवर हलके, मजबूत छप्पर हवे होते. म्हणजे मुळात पत्रा पोती आणि पेट्यांसाठी निघाला, लेकरू निजवायला नाही. कागदासारखा पातळ, त्यातही लोखंड. ऊन वरून पडले की पत्र्याची खालची बाजू वरच्याइतकीच तापते, मध्ये अडवायला काहीच नाही. घरातली गरम हवा वर जाऊन पत्र्याखाली बसते, तिला बाहेर जायला वाट नसते. आणि तापलेला पत्रा शेकोटीसारखा खाली धग टाकतो. जुना गंजून काळवंडलेला पत्रा नव्यापेक्षा जास्त धग टाकतो, ते लेस्लीच्या काळ्या बाजूसारखे.

माळवदाचे उलटे होते. हातभर माती आणि दीड हाताच्या भिंती. दुपारचे ऊन त्यातून सरकत आत येईपर्यंत रात्र पडलेली असते आणि तेव्हा दारे-खिडक्या उघडून, अंगणात झोपून ते निभावता येते. वर सवणे असायचे, त्यातून उजेड यायचा आणि वर चढलेली हवा निघून जायची. आपल्या सासवा-आज्यांच्या घरात रमफर्ड, फूरिए सगळे होते, नावाशिवाय. मात्र सख्यांनो, त्या घराची दुरुस्ती बायकांच्याच डोक्यावरच्या पाट्यांनी व्हायची, हे विसरून नुसते कौतुक करण्यात अर्थ नाही. ज्यांनी पत्रा टाकला त्यांनी चूक केली असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पत्रा असलेल्यांनी काय करावे? वरून चुन्याचा पांढरा हात मारावा, म्हणजे बरेच ऊन परत आकाशात जाते. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा मारायचा. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात. तट्टी पत्र्याची धग अंगावर येऊ देत नाही. वर, आढ्याजवळ दोन्ही बाजूंना झरोका ठेवावा, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर पडते. कडबा किंवा पाचट पत्र्याला लागून भरू नका, त्यात आगीचा धोका आहे आणि उंदीर होतात ते वेगळेच. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यातल्या उन्हाच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर तिथे २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा झाला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही त्यात आले. शहर करते तर गावाला का जमू नये?

आमच्या गटांनी आता पत्र्याच्या कर्जअर्जात एक रकाना वाढवला आहे: तट्ट्या, चुना आणि झरोका यांचा खर्च धरला आहे का? धरला नसेल तर बैठकीत आधी त्यावर बोलायचे, मगच मंजुरी. ज्यांचे माळवद अजून उभे आहे त्यांच्यासाठी वेगळे ठरवले आहे. मजूर मिळत नाही, म्हणून गटातल्या घरांनी पाळीपाळीने एकमेकांकडे माती चढवायची, घरटी एक माणूस, आणि ज्या घरचे काम त्या घरची भाकरी-पिठले. दोन घरांची झाली. तिसऱ्या घरचे काम अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी आहे, पाट्या आणि घमेली आपापली आणायची.